रिनोव्हेशनमध्ये पहिला बळी खिडकीचा

मुंबईत फ्लॅट नव्याने करायला काढला की बजेट जातं किचनच्या ट्रॉल्या, फॉल्स सीलिंग आणि टाइल्सवर. खिडकीच्या वाट्याला शेवटी एकच प्रश्न येतो: टू-ट्रॅक की थ्री-ट्रॅक? घरातल्यांच्या तब्येतीचा मात्र टाइल्सपेक्षा खिडकीशी फार जवळचा संबंध आहे.

१० बाय १२ची बेडरूम घ्या, १२० चौरस फूट. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक षष्ठांश असावं, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. म्हणजे २० चौरस फूट. ५ बाय ४ची खिडकी त्यात चपखल बसते. पण तिथे टू-ट्रॅक स्लायडिंग लावली की ती कितीही सरकवा, उघडते अर्धीच. उरले १० फूट. त्यावर मच्छरजाळी, बाहेर बॉक्स ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या, रिकामे डबे आणि वाळत घातलेले टॉवेल. नियम कागदावर पाळला जातो आणि हवेला मिळतो त्याचा जेमतेम चौथा हिस्सा.

स्लायडिंगच हवी असेल तर तीन ट्रॅकवर तीन काचा घ्या. दोन काचा तिसरीमागे गेल्या की दोन तृतीयांश खिडकी मोकळी होते. जाळी मग घडीची किंवा रोलरची, वेगळी. बिजागरीची, बाहेर उघडणारी झडप जवळजवळ पूर्ण उघडते, पण तिचं ग्रिलशी जमत नाही. म्हणून ग्रिल कुठवर येणार ते आधी ठरवा, खिडकीची ऑर्डर नंतर. वरच्या मजल्यांवर पावसाळी वाऱ्यात अशी झडप आपटून निखळू शकते, तिथे स्लायडिंग बरी. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, खारी हवा साध्या लोखंडाला टिकू देत नाही.

आता खालच्या ट्रॅककडे बघा. त्याला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, ट्रॅकमध्ये साचलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. घाईत सिलिकॉन मारणारा कारागीर ती हमखास बुजवतो. मग पाणी ट्रॅकमध्ये तुंबतं आणि आतल्या बाजूने भिंतीत उतरतं. खिडकीखाली रंगाचे पापुद्रे सुटले की सगळे बाहेरच्या भिंतीला दोष देतात, सोसायटीला पत्रं जातात. त्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का पाहा. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने उतार हवा. ती भिंतीच्या पुढे २० मिलिमीटर तरी यावी आणि तिच्या खालच्या अंगाला खाच असावी, नाहीतर पाणी पट्टीला बिलगून पुन्हा भिंतीवर येतं.

खिडकी मोठी केली तरी हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर वारा खोलीच्या तोंडाशीच अडतो. मुंबईत दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो, पावसाळ्यातलाही पश्चिम-नैऋत्येचाच. हॉलच्या खिडकीतून आत आलेली हवा पॅसेजमधून किचनच्या ड्राय बाल्कनीतून निघते. नेमकी तीच बाल्कनी काचा लावून बंद केली जाते आणि वॉशिंग मशीन तिथे जातं. बंद करायचीच असेल तर वरची फूटभर पट्टी लूव्हर्सची, म्हणजे हवा जाऊ देणाऱ्या तिरक्या पट्ट्यांची ठेवा. दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींत खोल्यांच्या दारांवर झरोका असायचा. दार लावलं तरी हवा खेळती राहायची, खाजगीपणाही जपला जायचा. आता तिथे प्लायवूड ठोकून माळा करतात. माळा घरातल्या कुणाला तरी हवाच असतो, मान्य. पण निदान दाराखाली पाऊण इंचाची फट तरी सोडा.

तपासायचं कसं? वारा असेल तेव्हा खिडक्या उघडून खोलीच्या मध्यावर उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर खोलीत हवा हलत नाही. एका बाजूला झुकला तर बाहेरची वाट सापडली. मग एकेक दार लावत जा. कोणतं दार लागलं की धूर उभा राहतो, ते लगेच कळतं.

रात्री एसी लागला की हिशेब बदलतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची थेंबभरही आत घेत नाही. झोपलेला माणूस तासाला साधारण १२-१३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आधीच्याच १० बाय १२च्या बेडरूममध्ये सुमारे ३० घनमीटर हवा असते. दोघं झोपले आणि खोली खरोखर हवाबंद असली, तर त्याचं प्रमाण दर तासाला ८०० पीपीएमने (दहा लाख भागांत ८०० भागांनी) चढतं. बाहेर ते ४२०च्या आसपास असतं. फटींमुळे प्रत्यक्षात चढ कमी असतो, तरी सकाळी डोकं जड असण्याचं एक कारण इथे आहे. खिडकी बोटभर उघडी ठेवा किंवा बाथरूमचा सहा इंची एक्झॉस्ट मंद चालू द्या आणि त्याला हवा ओढता यावी म्हणून बेडरूमच्या दाराखालची ती फट बुजवू नका. बिल थोडं वाढेल.

एसी गरजेपेक्षा मोठा घेणं ही दुसरी गडबड. दीड टनाचं मशीन १२० फुटांची खोली झटक्यात गार करतं आणि हवेतला ओलावा पुरेसा निघण्याआधीच कॉम्प्रेसर थांबतो. खोली गार, पण दमट. त्यात जुलैमध्ये मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. एसी २०वर लावला की सामाईक भिंत दवबिंदूखाली उतरू शकते आणि पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत त्याच भिंतीवर दव धरू शकतं. तिथे पाठ लावून कपाट उभं असेल तर कोट आणि चामड्याच्या पिशव्यांवर हिरवी-पांढरी बुरशी येणारच. डांबरगोळ्यांनी ती जात नाही. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या, एसी २५-२६वर ठेवून पंखा लावा, पावसाळ्यात ड्राय मोड वापरा. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट तर अजिबात नको. ओल आत कोंडते आणि रंग फुगतो. आधी बाहेरची भेग बुजवायची, भिंत उन्हाळाभर वाळू द्यायची, मग रंग.

काही गोष्टी मात्र एकट्या फ्लॅटच्या हातात नसतात. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम धरला होता. सोप्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे तळमजल्यावरही आकाश दिसतं. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी याच ट्रस्टच्या आखणीतल्या. शंभर वर्षांनी गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या सात मजली इमारती उभ्या राहिल्या, मध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. जुन्या नियमाने तिथे सहा मीटर उंची चालली असती. ऊन आणि वारा न पोचणाऱ्या अशा खालच्या मजल्यांवरच्या क्षयरोगाचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केला, २०१८मध्ये त्यावर बोललंही गेलं. पुनर्विकासाचा आराखडा समोर आला की कार्पेट एरियाच्या आधी दोन विंगमधलं अंतर मोजा.

किचनमध्ये डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, नसलेली चिमणी घेऊ नका. ती तेल आणि थोडा वास धरते, पण गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि वाफ घरातच राहते. डक्ट सहा इंचीच हवा. जुन्या चार इंची भोकात तो आवळून बसवला तर वाट निम्म्याहून कमी होते, आवाज वाढतो आणि धूर चिमणीला वळसा घालून हॉलमध्ये येतो. शेगडीपासून चिमणी २६ ते ३० इंचांवर असावी.

बाथरूममधला नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीच्या जाळीखालचं पाणी साचणारं भांडं, सहसा कुणाच्या लक्षात नसतो. त्यातलं दोनेक इंच पाणी हाच ड्रेनेजची हवा अडवणारा पडदा. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते सुकतं आणि वर एक्झॉस्ट चालू असेल तर तो पाइपातली हवा थेट घरात ओढतो. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये २००३ साली सार्सची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली, त्यात सुकलेल्या ट्रॅपचा मोठा हात होता. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये आठवड्यातून एकदा मगभर पाणी ओता. गॅस गिझर मात्र बाथरूमच्या आत नकोच. तो बाहेरच्या उघड्या बाल्कनीत लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या.