पीएच सात होता, तरीही

मराठवाड्यातल्या एका धान्य डिस्टिलरीत मी बायोगॅसचं काम बघते. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ देणं थांबवलं आणि आम्ही मक्यावर आलो. इथेनॉल तेच, पण मागे उरणारं सांडपाणी, म्हणजे स्लॉप्स, वेगळं. मक्यात ४ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. अल्कोहोल काढून घेतलं तरी ते तेल, प्रथिनं आणि कोंडा मागेच राहतो. डिकँटरमध्ये चोथा वेगळा होऊन गुरांच्या खाद्याला जातो. पातळ स्लॉप्समधला काही भाग डायजेस्टरला, म्हणजे जिवाणूंकडून गॅस करून घेणाऱ्या बंद टाकीत, येतो आणि त्याच्या गॅसवर बॉयलरचं इंधन वाचतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री दीड वाजता ऑपरेटर काकांचा फोन.

"मॅडम, फ्लेअर उभीच राहत नाही. पेटवली की विझतीय." फ्लेअर म्हणजे जादा गॅस जाळायची ज्योत.

"पीएच किती आहे, काका?"

"सातच आहे की!"

तशीच निघाले. नमुन्याचा नळ सोडला आणि वासानेच धस्स झालं. डायजेस्टरचा नेहमीचा वास शेणकाल्याचा. त्या रात्री खवट लोण्याचा येत होता; साय साठवलेला डबा विसरून राहिला की येतो तसा. तो ब्युटिरिक आम्लाचा वास. आम्ल मोजायला ब्युरेट लावली. आम्ल आणि अल्कलीचं गुणोत्तर आमच्याकडे ०.२ च्या आसपास असतं, ते ०.६ निघालं. शिल्लक अल्कलीच्या जोरावर पीएच तेवढा तग धरून होता. ती संपली असती तर तो कोसळायला वेळ लागला नसता.

आम्ल तयार करणारे जिवाणू चपळ, मिळेल ते फस्त करतात. त्या आम्लाचा मिथेन करणारे मात्र संथ आणि नाजूक. तेलातली आम्लं त्यांच्या अंगावर लेपासारखी बसतात. ते मागे पडले की आम्ल साचतं, मिथेन घटतो आणि ज्योत धरत नाही.

मी मॅनेजरसाहेबांना उठवलं. "सर, डायजेस्टरला जाणारं फीड आत्ताच बंद करायला हवं."

"स्लॉप्सच्या टाकीत आठ तासांचीच जागा आहे. मग दळण थांबवू का?"

"निम्मं करा, सर. माल चार दिवस उशिरा गेला तर भरून काढता येईल. डायजेस्टर मेला तर पुन्हा उभा करायला महिने जातील."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "करा बंद." त्या दोन शब्दांसाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

सकाळी डिकँटर उघडला. आतला स्क्रू झिजला होता. डायजेस्टरच्या फीडमधलं बादलीभर पाणी चाळणीवर ओतलं, तर मूठभर पिवळा कोंडा राहिला. हा सगळा बोजा कित्येक दिवस आत जात होता आणि आम्ही रजिस्टरमध्ये फक्त पीएच लिहीत होतो.

पुढचे दिवस राबण्यात गेले. खाण्याच्या सोड्याची पोती विरघळवून सोडली, आतलंच पाणी फिरवत ठेवलं, शेजारच्या गोठ्यांतून ताजं शेण आणून कालवून घातलं. धान्याच्या स्लॉप्समध्ये कोबाल्ट, निकेल कमी पडतं, तेही मोजून दिलं. सहाव्या दिवशी गुणोत्तर ०.४ वर आलं. वासही निवळला.

अकराव्या पहाटे काकांनी फ्लेअर पेटवली. अंधारात निळी ज्योत वाऱ्याने आडवी झाली, पुन्हा सरळ झाली. काकांनी हात जोडले. मी रजिस्टरमध्ये ०.२८ लिहिलं आणि नेहमीच्या पाव हिश्श्याने फीड सुरू करायला सांगितलं.