चेंबरमधली कालवं

लष्करी तळांची बांधकामं सांभाळणाऱ्या खात्यात मी इंजिनियर आहे. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या एका तळाची यादी माझ्याकडे आली. कामं 21, पैसा जेमतेम चार-पाच कामांपुरता. पहिला नंबर होता समुद्राकडची भिंत उंच करण्याचा. दर पावसाळ्यात सबस्टेशनच्या आवारात पाणी शिरायचं, तेव्हा भिंतच हवी असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

पाहणीला मुद्दाम जुलैतलं उधाण गाठलं. तेव्हा इथली भरती पावणेपाच मीटरच्या वर जाते. मी भिंतीवर उभा होतो. पाणी अजून हातभर खाली. आमचे जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते म्हणाले, "साहेब, तिकडं काय बघताय? इकडं या."

सबस्टेशनशेजारच्या पावसाळी गटाराचं झाकण त्यांनी पहारीनं उचललं. आत पाणी वर चढत होतं आणि चेंबरच्या भिंतीला कालवं चिकटलेली! धारदार, एकावर एक, वर्षानुवर्षांची. समुद्रापासून चांगली दीडशे पावलं आत.

गटाराच्या तोंडाची लोखंडी झडप गंजून कधीच गळून पडली होती. भरती पाइपातून सरळ आत यायची आणि वरून पाऊस असला की त्या पाण्याला जायला वाटच उरायची नाही. भिंत कितीही चढवली असती तरी पाणी तिच्या खालून आलंच असतं. सबस्टेशनमधल्या विजेच्या पॅनलच्या पत्र्यावर आदल्या वर्षीच्या चिखलाची रेघ होती. केबलची जोडणी तिच्यापासून फक्त चार बोटं वर.

रात्री यादी नव्यानं मांडली. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला: हे बंद पडलं तर आणखी काय काय बंद पडेल? दवाखाना, पाण्याचे पंप, कंट्रोल रूम, सगळ्यांची वीज त्या एका खोलीतून. डीजी सेट, म्हणजे वीज गेली की चालवायचा डिझेल जनरेटर, तोही त्याच आवारात, त्याच पातळीला.

बोर्डापुढे भिंत मागे टाकायला कुणी राजी होईना. शेवटी 2014 च्या हुदहुद वादळात विशाखापट्टणमला असलेले एक अधिकारी बोलले, "वारा एका दिवसात गेला. विजेची वाट किती दिवस पाहिली, ते मला विचारा."

झडप पहिली आली, पॅनल आणि डीजी सेटचे ओटे उंच करणं दुसरं, भिंत सहावी. समुद्र वाढतोय, भिंतही लागणारच, आणि तिच्यासाठी मी दरवर्षी भांडतो.

पुढच्या जुलैत, उधाणाच्याच दिवशी, मामांनी तेच झाकण उचललं. तळाशी वीतभर पावसाचं पाणी. भिंतीवरची कालवं मरून पांढरी पडली होती, शिंपले उघडे.