ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करायचाय? आधी लाउडस्पीकरचा परवाना आणा

मडगावजवळचं एक जुनं कौलारू सभागृह, तंतुवाद्यांचे वीसेक वादक आणि मोझार्ट. तालमी झाल्या, भाडं भरलं, वादकही तयार. अडलं ते एका अर्जावर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्हाला वेळ हवी होती रात्री दहानंतरची. ऑर्केस्ट्रात प्रत्येकाच्या वाद्याला माइक चिकटवला की गजाची खरखर तेवढी येते आणि सभागृहाचा घुमारा गायब होतो. म्हणून आम्ही डेक्का ट्री लावणार होतो, डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या इंजिनिअरांनी १९५० च्या दशकात बसवलेली माइक मांडायची पद्धत. जमिनीपासून तीनेक मीटर उंच, कंडक्टरच्या डोक्यावर तीन ऑम्नी माइक. डावा-उजवा एकमेकांपासून दोन मीटर, मधला दीड मीटर पुढे. ऑम्नी चहूबाजूंनी ऐकतो, डबल बासचा खर्ज लांबूनही भरदार देतो. पण मग त्याला रस्त्यावरची बुलेट आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगाही ऐकू येतो. रात्रीला पर्यायच नाही.

"दहानंतर माइक? नियमात बसत नाही," परवान्याच्या कचेरीत खिडकीतले गृहस्थ म्हणाले.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, मान्य. बंदिस्त सभागृहांना त्याच नियमात सूट आहे, तीही दाखवली. मुळात आमच्याकडे लाउडस्पीकर नव्हताच. अर्जात 'स्पीकरची संख्या' असा रकाना होता, त्यात शून्य लिहिलं.

"शून्य कसं चालेल? काहीतरी लिहा."

मग साहेब रजेवर. मग साहेब मीटिंगला. मग फाइल दुसऱ्या टेबलावर. "दुपारी करा ना, कोण अडवतंय?" असा सल्लाही मिळाला. मे महिन्यात, दारं लावून, पंखे बंद करून! घामेजल्या बोटांखाली तार कशी राहते ते त्यांनी एकदा धरून बघावं.

सुटलं ते छापील अर्ज बाजूला ठेवल्यावर. कोऱ्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं: 'फक्त ध्वनिमुद्रण, ध्वनिक्षेपण नाही, बंदिस्त जागा.' सोबत स्टँडचं चित्र आणि सामानाची यादी. तुम्हीही तसंच करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांनी उभ्याउभ्या सही केली. परवान्यावर अट होती: स्पीकरचा आवाज मर्यादेत ठेवावा. काटेकोरपणे पाळली.

रेकॉर्डिंग मात्र लोण्यासारखं झालं. पहिल्या टेकला व्हायोलिनं टोचत होती; स्टँड हातभर मागे घेतल्यावर सगळी एका अंगाने वाजू लागली. इक्वलायझरला हात लावावा लागला नाही, हे मी मित्रांना सांगत सुटलोय.

चेलोला आधाराला एक जवळचा माइक दिलात तर मिक्सिंगमध्ये त्याला उशीर द्या. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. तो ट्रीपासून चार मीटर असेल तर बाराएक. नाहीतर चेलो सगळ्यांच्या पुढे येऊन बसतो. आणि हो, सभागृहाच्या मागच्या खोलीतला फ्रिज आधी बंद करा. त्यासाठी परवाना लागत नाही.