मस्कतला नऊ तास हातात असतील तर

जर्मनीला जाताना मस्कतचा मुक्काम लांबलचक आहे हे तिकीट काढतानाच दिसत होतं. विमान पहाटे पाचला उतरणार, पुढचं दुपारी दोनला. बरोबर मावशी. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे बरे, उत्साह माझ्यापेक्षा जास्त. विमानतळाच्या खुर्च्यांवर नऊ तास काढण्यापेक्षा बाहेर पडू, असं तिनंच ठरवलं. याच वाटेनं जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान किंवा युरोपचा शेंगेन यांपैकी एखादा चालू व्हिसा असेल, तर ओमानमध्ये चौदा दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. पुढचं तिकीट, राहण्याची सोय, आरोग्य विमा अशा अटीही कागदावर आहेत, म्हणून सगळं छापून जवळ ठेवा. नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. ज्यांच्याकडे यांपैकी कुठलाच व्हिसा नाही, त्यांना ई-व्हिसा तिथूनच काढता येतो. सामान मुंबईलाच थेट शेवटच्या विमानतळापर्यंत टॅग करून घ्या. हातात फक्त लहान पिशवी हवी.

मस्कत लांबट शहर आहे. एका बाजूला उघडेबोडके काळपट डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या पट्टीत पसरलेली पांढरी घरं. विमानतळ पश्चिमेच्या टोकाकडे आणि बघण्यासारखं जुनं बंदर, म्हणजे मत्रा, पूर्वेला, तीसेक किलोमीटरवर. सुलतान काबूस भव्य मशीद या दोहोंच्या मधे, त्याच हमरस्त्यावर. बहुतेक जण आधी मशीद बघतात आणि मग बंदराकडे जातात. आम्ही उलटं केलं, आणि पहाटे उतरणाऱ्यांना मी हाच क्रम सुचवेन. मुस्लिमेतरांना मशिदीत शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा एवढाच प्रवेश असतो. त्याआधीचे दोन तास वाया घालवण्यापेक्षा थेट मत्रा गाठायचं, उन्हं चढायच्या आत बंदर बघायचं आणि विमानतळाकडे परतताना मशीद.

जायला टॅक्सी किंवा मवासलात या सार्वजनिक सेवेची लाल बस. बस टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त, पण वाटेत रुवी या भागात बदलावी लागते. वेळ मोजका असेल तर टॅक्सीच बरी. ओटॅक्सी हे ॲप तिथं चालतं. मत्रापर्यंत दहा रियालच्या आसपास धरा. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांहून जास्त. एका रियालचे हजार बैसा होतात, त्यामुळे पाचशेची नोट हातात आली तर श्रीमंत झाल्यासारखं वाटून घेऊ नका. ती अर्ध्या रियालची असते.

मत्राला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पहिला थांबा मासळीबाजार. इमारत नवी आहे, 2017 साली सुरू झालेली, नॉर्वेच्या स्नोहेट्टा या वास्तुरचनाकारांनी आखलेली. वरच्या पांढऱ्या पट्ट्यांमधून ऊन गाळून खाली येतं. मावशीला त्याचं काही नव्हतं. तिनं सुरमई पाहिली. हातभर लांब, चकचकीत, ओळीनं मांडलेली. शेजारी कुपा, हेकरू आणि एक अख्खी मुशी. "ही गोव्यात या भावात मिळाली असती तर," असं म्हणून तिनं विक्रेत्याला हिंदीत भाव विचारला आणि त्यानं हिंदीतच उत्तर दिलं. मत्रात हिंदी सगळीकडे चालते. कापायच्या टेबलांपाशी बांगलादेशी आणि मल्याळी कामगार दिसतात, मासळी विकायला ओमानी कोळी. विकत काही घेता येत नाही याचं दुःख मात्र शाकाहारी वाचकांना कळणार नाही.

बाहेर पडलं की कॉर्निश, म्हणजे समुद्राला लागून गेलेला वळणदार रस्ता. मालवाहू जहाजांचा व्यापार 2014 साली सोहारला हलवल्यापासून बंदरात लाकडी गलबतं, पर्यटकांची मोठी जहाजं आणि बऱ्याचदा सुलतानांची नौका एवढंच दिसतं. टपरीवर कडक चहा आणि पराठा घेतला. पराठ्यात चीज पसरून वर 'चिप्स ओमान' नावाचे तिखट बटाट्याचे काप चुरून घालतात. ऐकायला विचित्र आहे, पण मागवा.

सूक, म्हणजे बाजार, नऊच्या सुमारास जागा होतो. तोवर आम्ही टॅक्सीनं जुन्या मस्कतला गेलो, अंतर तीन-चार किलोमीटर. हिवाळ्यात चालतही जाता येईल, पण मावशीचे गुडघे पुढच्या प्रवासासाठी राखायचे होते.

माझ्या मते इथं सगळ्यात जास्त वेळ द्यावा. जुनं मस्कत म्हणजे डोंगरांच्या कुशीतली एक लहानशी खाडी. समोर सुलतानांचा अल आलम राजवाडा, 1972 सालचा, निळ्या-सोनेरी खांबांचा. आत जाता येत नाही, फाटकातून फोटो काढता येतो. तो पाच मिनिटांत आटपा आणि मागच्या बाजूनं पाण्याकडे जा. तिथं दोन्ही हातांना दोन कडे आहेत आणि प्रत्येकावर एक किल्ला. पूर्वेला अल जलाली, पश्चिमेला अल मिरानी. दोन्ही पोर्तुगीजांनी 1580च्या दशकात बांधले. तुर्कांनी बंदर दोनदा लुटल्यावर त्यांना जाग आली होती.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला हे दृश्य परकं वाटत नाही. पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द आल्बुकेर्कनं 1507 साली मस्कत जाळलं आणि तीन वर्षांनी गोवा घेतला. पुढे इथल्या किल्लेदारांचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. 1622 साली आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ बेट हातचं गेल्यावर आखातात पोर्तुगीजांचा मुख्य आधार मस्कतच उरला. तो 1650च्या जानेवारीत ओमानचा शासक इमाम सुलतान बिन सैफनं काढून घेतला. ओमानी बखरींमध्ये या विजयाची एक कथा येते. पोर्तुगीज सरदाराला एका हिंदू व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करायचं होतं. बापानं तयारीसाठी मुदत मागून घेतली, किल्ल्यातलं पाणी आणि दारूगोळा खराब झालाय, बदलायला हवा असं पटवून साठे रिकामे करवले, आणि मग इमामाला निरोप धाडला. खरं-खोटं कोण जाणे. पण भारतीय व्यापारी इथं किती मुरलेले होते, हे कथेवरून कळतं. राजवाड्याच्या जवळच मोतीश्वर महादेवाचं जुनं देऊळ आहे. मावशीनं लांबूनच हात जोडले नाहीत, आत जाऊन आली.

पोर्तुगीजांची जहाजं ओमानींच्या हाती आली आणि वारं फिरलं. 1674 साली, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, मस्कतचे सहाशे अरब वसईला उतरले आणि किल्ल्याबाहेरची चर्चं त्यांनी लुटली. आतली शिबंदी तटाबाहेर पडली नाही. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसानं मिरानीकडे बघताना ही दोन टोकं मनात जोडून बघावीत. किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहून मी मावशीला हे सांगत होतो, आणि ती जलालीच्या कड्यावर रंगवलेली जहाजांची नावं वाचत होती. बंदरात येणाऱ्या जहाजांचे खलाशी पूर्वी खडकांवर चढून आपल्या जहाजाचं नाव लिहून जात. काही अजून दिसतात.

जलाली बरीच वर्षं तुरुंग होता. आणि 1970 सालापर्यंत या गावाचे दरवाजे सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद व्हायचे, त्यानंतर रस्त्यावर फिरायचं तर हातात कंदील लागायचा. आज वेशीपलीकडचे चकाचक रस्ते बघून यावर विश्वास बसत नाही. समोरच राष्ट्रीय संग्रहालय आहे, 2016 साली उघडलेलं, पण ते दहाला सुरू होतं आणि त्याला निवांत दोन तास हवेत. आम्ही सोडलं. दुपारी उतरणाऱ्यांनी मात्र तेच आधी बघावं.

मुंबईचे धागेही इथं सापडतात. ओमानचा तेव्हाचा शासक सय्यद सईद याची 'सुलताना' ही नौका 1833 साली मुंबईत बांधलेली. ती 1840 साली थेट न्यूयॉर्कला जाऊन आली. 1932 साली गादी सोडणारे सुलतान तैमूर मुंबईतच 1965 साली वारले. आणि 1970 साल उजाडेपर्यंत इथल्या बाजारात रुपयेच चालत होते.

परत मत्राला आलो. सूकच्या कॉर्निशकडच्या तोंडाशी गर्दी असते आणि तिथल्या मालात फारसा दम नाही. पश्मिना म्हणून ज्या शाली गळ्यात घालतात त्या आपल्याकडूनच गेलेल्या असतात. आत, डावी-उजवीकडच्या बोळांत शिरा. हातानं भरलेल्या ओमानी टोप्या, चांदीचे जुने दागिने, खंजीर आणि लोबान. लोबान घ्याच. ओमानच्या दक्षिणेकडच्या धोफारमधल्या झाडांचा हा डिंक हिरवट-पांढरा असेल तर उत्तम, पिवळा-तपकिरी असेल तर साधा. धूर करून दाखवायला सांगा, दाखवतात. घासाघीस अपेक्षितच असते आणि मावशीच्या हाती सोपवलीत तर दुकानदारालाही मजा येते. सूकच्या शेजारी कॉर्निशवरच एक दरवाजा दिसेल, आत लवाती समाजाची तटबंद वस्ती. हे खोजा पंथाचे मुस्लिम, मूळचे सिंधकडचे. वस्ती खासगी आहे, आत जाऊ नका. बाहेरून दिसणारे नक्षीदार लाकडी सज्जे पुरेसे आहेत.

सव्वादहाला निघालो आणि साडेदहाच्या थोडं पुढे मशिदीत. कपड्यांबाबत तिथं सूट नाही. बायकांचं डोकं, मनगटं आणि पायाचे घोटे झाकलेले हवेत, पुरुषांना पूर्ण लांबीची पँट. मावशीची साडी, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज आणि ओढणी, यावर कुणी हरकत घेतली नाही. ज्यांच्याकडे असे कपडे नाहीत त्यांना अबाया भाड्यानं मिळतो. 2001 साली पूर्ण झालेल्या या मशिदीला तीन लाख टन भारतीय वालुकाश्म लागला. मुख्य दालनातला गालिचा सत्तर मीटर बाय साठ मीटर, वजन एकवीस टन, इराणच्या सहाशे विणकर स्त्रियांचं चार वर्षांचं काम. वर चौदा मीटर उंचीचं झुंबर. आकडे दिपवणारे आहेत, पण मला बाहेरच्या लांबलचक कमानींच्या ओवऱ्या जास्त आवडल्या. भिंतींवरची नक्षी प्रत्येक कोनाड्यात वेगळ्या प्रदेशाची आहे. अर्ध्या तासात हे सगळं होत नाही. शक्य झालं तर सूकमधून दहालाच निघा. माहिती केंद्रात खजूर आणि कावा, म्हणजे अरबी कॉफी, देतात, तेवढा वेळ ठेवा.

साडेअकराच्या सुमारास विमानतळावर पोचलो. रस्ता मोकळा होता, पण कामाच्या दिवशी सकाळी शहराकडे येणारी वाहतूक तुंबते हे धरून चाला.

आमचा प्रवास जानेवारीतला, हवा सुखाची. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या आसपास असतो. तेव्हा हाच बेत करायचा तर सूर्य वर यायच्या आत बंदर उरका आणि वयस्कर माणसांना कॉर्निशवर चालवू नका. सहा तासांपेक्षा कमी वेळ असेल तर फक्त मत्रा किंवा फक्त मशीद. निझवा हे जुनं शहर आणि 'वादी' म्हणतात त्या डोंगरांमधल्या दऱ्या यांचे फोटो बघून मोह होईल, पण निझवा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, तो वेगळ्या सुट्टीत. आणि तारीख निवडता येत असेल तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी मशीद आपल्यासाठी बंद आणि सूकही सकाळी झोपलेला. शुक्रवारच वाट्याला आला, तर मासळीबाजार आणि जुन्या मस्कतचे किल्ले एवढंच घ्या आणि कॉर्निशवर बसून तो पराठा खा.