आकडा रोलरवरचा: आमच्या ट्यूनिंग वर्कशॉपची वाटचाल

आमचं काम साध्या दुरुस्तीपासून सुरू झालं. क्लच प्लेट, ब्रेक, हेड गॅस्केट, जे येईल ते. हळूहळू ‘गाडी ओढत नाही’, ‘पिकअप गेलाय’ अशा तक्रारी घेऊन येणारे वाढले आणि आमचा हात ट्यूनिंगवर बसला. तेव्हा काम जमलं की नाही हे ठरवायची एकच रीत होती. मालकाला शेजारी बसवायचं, चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल द्यायचं आणि दोघांनी मिळून निकाल लावायचा.

पण कान आणि पाठ सहज फसतात. मोठा सायलेन्सर बसवला की आवाज वाढतो आणि गाडी जास्त पळतेय असं वाटतं. टर्बो गाडी कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मरगळलेली असेल आणि मग एकदम उसळत असेल, तर तो धक्का म्हणजेच ताकद वाटते. खालपासून वरपर्यंत भरीव टॉर्क (फिरवणारा जोर) देणारी गाडी प्रत्यक्षात पुढे निघून जाते, पण अंगाला ते तितकं कळत नाही. गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे तर फरक मोजून दाखवता आला पाहिजे, हे मला आणि धाकट्या भावाला मनापासून पटलं आणि आम्ही कर्ज काढून पहिला डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, घेतला.

तो जडत्वावर चालणारा होता. एक जड पोलादी ड्रम, त्यावर गाडीची चाकं, आणि गाडी जागेवर राहावी म्हणून पट्टे. ड्रमचं जडत्व माहीत असतं. तो किती वेळात किती वेगाला गेला, एवढ्यावरून संगणक ताकद काढतो. यंत्र भरवशाचं होतं आणि एकाच गाडीचे लागोपाठ घेतलेले रन (पूर्ण थ्रॉटलच्या मोजणीच्या फेऱ्या) एकमेकांवर छान बसायचे. मात्र रन काही सेकंदांत संपतो. ३००० आरपीएमवर अर्ध्या थ्रॉटलला इंजिन धरून ठेवायचं आणि तिथलं इंधन, तिथलं इग्निशन जुळवायचं, हे त्यावर होत नाही. आणखी एक गोष्ट तिथेच शिकलो. हलकी अलॉय चाकं बसवली की इंजिनाला हात न लावता आकडा वाढतो, कारण ड्रमबरोबर चाकांनाही वेग द्यावा लागतो आणि हलक्या चाकांना तो द्यायला कमी ताकद लागते. रस्त्यावर हा फायदा खरा असतो, पण ती इंजिनाची वाढलेली ताकद नव्हे.

म्हणून पुढे एडी करंट ब्रेकचा डायनो आला. त्यात रोलरच्या शाफ्टवर धातूचा रोटर असतो आणि त्याच्याजवळ विद्युतचुंबक. चुंबकातला प्रवाह वाढवला की रोटर रोखला जातो आणि ब्रेकचं अंग त्याच्याबरोबर फिरू पाहतं. त्याला एक दांडा अडवतो, दांड्याच्या टोकाला बल मोजणारा लोड सेल असतो. बल गुणिले दांड्याची लांबी, की रोलरवरचा टॉर्क मिळाला. त्याला रोलरच्या वेगाची जोड दिली की ताकद. हा दांडा आम्ही नियमितपणे प्रमाणित वजनं टांगून तपासतो, वजनं चढवताना एकदा आणि उतरवताना पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर त्या दिवशी गाडी रोलरवर चढत नाही.

यंत्र आलं आणि प्रश्नही आले. सगळ्यात नेहमीचा असा: “दादा, कंपनीने शंभर सांगितलेत, तुमच्याकडे पंच्याऐंशीच कसे?”

कंपनीचा आकडा फ्लायव्हीलवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या टोकावरचा असतो, आमचा चाकाने रोलरला दिलेल्या ताकदीचा. मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर आपापला वाटा घेतात. शिवाय कंपनीचा आकडा बऱ्याचदा पीएसमध्ये असतो. १ पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि ब्रिटिश हॉर्सपॉवर म्हणजे ७४५.७ वॅट, म्हणजे १०० पीएस हे ९८.६ हॉर्सपॉवरच होतात. दोन कागद शेजारी ठेवताना निदान एवढं तरी पाहावं.

या मधल्या तोट्यासाठी ‘१५ टक्के धरा’ असा नियम सर्रास वापरला जातो. तो मला पटत नाही, आणि का ते इथे सांगतोच. १०० हॉर्सपॉवरच्या गाडीत १५ जात असतील, आणि त्याच गिअरबॉक्सवर, त्याच टायरांवर इंजिन २०० चं केलं, तर तोटा आपोआप ३० होईल का? गिअरच्या दातांमधलं घर्षण भाराबरोबर थोडं वाढतं, हे खरं. पण रोलरवर दबून फिरणाऱ्या टायरचा तोटा मुख्यतः वेग, हवा आणि पट्टे किती आवळलेत यावर ठरतो. इंजिन किती ताकदीचं आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. टक्केवारीच्या नियमाने मोठ्या इंजिनाला फुकटची हॉर्सपॉवर मिळते.

दुसरी रीत कोस्टडाउनची. रन संपला की गिअर न काढता क्लच दाबायचा आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची. त्या वेळी जो विरोध मोजला जातो तो चाकावरच्या आकड्यात मिळवायचा. ही रीत टक्केवारीपेक्षा कितीतरी बरी, कारण इथे निदान मोजमाप आहे. पण त्या वेळी गिअरवर इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे भाराखालचं घर्षण त्यात पुरतं उतरत नाही, आणि कुणी हलकासा ब्रेक लावला तर इंजिन ‘वाढतं’. म्हणून आम्ही ठरवलं की कागदावर ठळक आकडा चाकावरचाच असेल. फ्लायव्हीलचा अंदाज हवा असेल तर तो खाली, ‘अंदाज’ असं लिहून. यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. मोठा आकडा छापून देणाऱ्या ठिकाणी ती गेली, आणि आम्ही आमची पद्धत बदलली नाही.

आता हवामानाची दुरुस्ती. गरम, विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून आकडा एका ठरलेल्या हवेला आणून सांगायची पद्धत आहे. एसएई जे१३४९ या मानकात ती हवा २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल अशी आहे. समजा वर्कशॉपमध्ये ३५ अंश आहेत आणि कोरडा दाब ९५ किलोपास्कल. गुणक येतो साधारण १.०७. रोलरवर १०० दिसले तर कागदावर १०७. आता तापमानाचा सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाजवळून काढून रेडिएटरमागच्या गरम झोतात टांगला आणि तो ५० अंश दाखवू लागला, तर गुणक १.१० होतो. इंजिन तेच, बोनेट उघडलंही नाही, आणि ३ हॉर्सपॉवर जास्त! म्हणून आमच्याकडे सेन्सरची जागा ठरलेली आहे आणि तापमान, दाब, आर्द्रता, वापरलेलं मानक हे सगळं कागदावर छापलेलं असतं. दुसरीकडच्या कागदाशी तुलना करायची तर आधी हे पाहा. जुन्या १५.५ अंशांच्या मानकाने तीच गाडी जे१३४९ पेक्षा साधारण ४ टक्के जास्त दाखवते.

टर्बो गाडीला हा गुणक डोळे झाकून लावू नये. तिथे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बहुधा ठरलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, गाठण्यासाठी वेस्टगेट ही टर्बोची झडप सांभाळत असतो, म्हणजे बाहेरचा दाब कमी झाला तरी बरीचशी भरपाई टर्बोने केलेलीच असते. त्यावर पुन्हा ७ टक्के चढवणं हा अन्याय आहे, आणि तो गिऱ्हाइकावर होतो. आम्ही टर्बोचे दोन्ही आकडे देतो, दुरुस्तीविना आणि दुरुस्तीसह.

टॉर्कच्या रेषेबद्दल थोडक्यात. ताकद रोलरवरचं बल आणि वेग यांवरून निघते, तिला इंजिनाचा आरपीएम लागत नाही. टॉर्कला लागतो. आरपीएम ५ टक्के कमी वाचला गेला तर हॉर्सपॉवर बरोबर येईल, टॉर्क मात्र सुमारे ५ टक्के फुगेल. आणि टॉर्क पाउंड-फूटमध्ये, ताकद हॉर्सपॉवरमध्ये, दोन्ही एकाच मापपट्टीवर असतील तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमला छेदल्याच पाहिजेत. छेदत नसतील तर मापपट्ट्या वेगळ्या आहेत किंवा एकाच रेषेला दुरुस्ती लावली आहे.

आज आमच्याकडे रनआधीचा क्रम पक्का आहे. टायरची हवा दर वेळी तीच, गिअर तोच (शक्यतो एकास एकच्या जवळचा), ऑइल आणि पाणी ठरलेल्या तापमानाला, समोर पंखा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. मग किमान तीन रन. तिसरा पहिल्यापेक्षा बराच खाली आला तर इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा भाग) तापलाय किंवा नॉकमुळे (मिश्रण आपोआप भडकल्यामुळे) ईसीयूने इग्निशन मागे घेतलंय. अशा वेळी आम्ही थांबतो, गाडी गार होऊ देतो. सगळ्यात चांगला रन निवडून तोच छापणं आम्ही करत नाही.

या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे आलेखाचा आकार. एका पेट्रोल गाडीची रेषा ४५०० पर्यंत सुरेख चढली आणि तिथून पुढे झोपली. त्याच जागी लॅम्डा सेन्सरवर मिश्रण (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा) १२.५ वरून १४ कडे सरकताना दिसलं. भावाने तत्क्षणी थ्रॉटल सोडला, कारण पूर्ण भारावर इतकं कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण पिस्टन जाळू शकतं. पेट्रोलच्या लाइनला गेज लावून पुन्हा हलकासा रन घेतला, तर नेमक्या त्या आरपीएमला दाब पडत होता. पंप थकलेला होता. पंप बदलल्यावर रेषा पुढे चढत गेली. नुसता कमाल आकडा पाहिला असता तर ‘इंजिन कमजोर’ एवढंच हाती लागलं असतं, आणि मालक नको त्या खर्चात पडला असता.

मालकाला आम्ही नेहमी कामाआधीचा आणि नंतरचा आलेख एकाच कागदावर देतो, रोलर तेच, गिअर तोच. दुसऱ्या डायनोवर जाऊन मूळ आकड्याला आव्हान देणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, फक्त तिथेही दोन्ही रन घ्या एवढंच सांगतो. फरक बहुधा जुळतो, आकडा जुळेलच असं नाही.

अलीकडे ऑटोमॅटिक गाड्या वाढल्यात. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) लॉक झाल्याशिवाय घेतलेला रन टॉर्कला खोटा उंचवटा देतो, म्हणून लॉक झालेला गिअर पकडूनच सुरुवात करतो. इलेक्ट्रिक गाड्याही येऊ लागल्यात. तिथे गिअरचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण बॅटरी किती भरली आहे आणि किती तापली आहे यावर गाडी स्वतःच ताकद आवरते. त्यामुळे आमच्या कागदावर हवेच्या दाबाशेजारी आता बॅटरीच्या चार्जसाठी आणि तापमानासाठीही रकाने आलेत.