हंगाम चौथा: पाच पिल्लं आणि एक कोरी कात

परवा रात्री, ५७व्या दिवशी, माझ्या बॉल पायथन सापाच्या पहिल्या अंड्याला चीर पडली. आज संध्याकाळी पाचही पिल्लं बाहेर आहेत. सहावं अंडं पहिल्याच आठवड्यात पिवळं पडून बसलं होतं, ते गेलं. इन्क्युबेटर ३१.५ अंशांवर, डबा जुनाच, अंड्यांखालचं ओलसर व्हर्मिक्युलाईट जुनंच, त्यामुळे पद्धतीत सांगण्यासारखं काही नाही. हिशेबात मात्र आहे.

२०२१ मध्ये इथे टेक्सासात मी एक क्लाऊन (वेगळ्या रंग-नक्षीचा) नर ७०० डॉलरला घेतला, आणि '६६ टक्के हेट क्लाऊन' म्हणून दोन बहिणी प्रत्येकी २०० ला. हेट म्हणजे वाहक: क्लाऊनच्या जीनची एकच प्रत अंगात, दोन असल्या तरच नक्षी दिसते. दिसायला दोघी अगदी साध्या बॉल पायथन, ४० डॉलरला मिळतात तशाच. वरचे १६० कशाचे? शक्यतेचे. दोन हेटांची जोडी लावली की साध्या दिसणाऱ्या तीन पिल्लांमागे सरासरी दोन वाहक निघतात, पण कुठली दोन ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून तिघांवरही तीच चिठ्ठी. विकणारा खोटं बोलला नव्हता, हे आधीच सांगतो.

पूर्वी खरंखोटं करायचं तर मादी १५०० ग्रॅमची होईस्तोवर तीनेक वर्षं उंदीर घालायचे, मग जोडी, मग अंडी, मग नशीब. आता कात पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवली की झालं. थोरलीचं उत्तर आलं 'हेट', धाकटीचं कोरं, म्हणजे जीन नाहीच. एका ईमेलात धाकटी २०० वरून ४० वर आली. उंदीर मात्र तेवढेच खाते. माझ्या मते हा ६६ टक्क्यांचा मधला थर आता संपत आला आहे. गिऱ्हाईक सरळ म्हणतं, कात तपासा आणि मग भाव सांगा.

थोरलीला क्लाऊन नर लावला, म्हणजे निम्मी पिल्लं क्लाऊन अपेक्षित. आली दोन. अंड्यातून पहिलं डोकं वर आलं तेव्हाच डोळ्याखालचा तो अश्रूसारखा काळा थेंब दिसला आणि मी बायकोला झोपेतून उठवलं. (तिने बघितलं, 'छान' म्हणाली, परत झोपली.) पाठीवर जाड गडद पट्टा, कुशी स्वच्छ सोनेरी.

पण आर्लिंग्टनच्या सापांच्या शोमध्ये नुसता क्लाऊन नर आता २५० ला मांडलेला बघितला. महागडा वरचा थर आता क्लाऊनमध्ये आणखी दोन-तीन जीन मिसळलेल्यांचा. हे नवीन नाही. १९९२ मध्ये अमेरिकन ब्रीडर बॉब क्लार्क यांनी पैदा केलेले पहिले अल्बिनो ७,५०० डॉलरला गेले होते, आज अल्बिनो ही नवशिक्याची खरेदी आहे. नर वर्षाभरात तयार होतो आणि एका हंगामात चार-पाच माद्यांना पुरतो. जीन पसरायला असा कितीसा वेळ लागणार?

त्यामुळेच हेट नराचे हाल आहेत. २५० ला दिसणारा क्लाऊन मिळत असताना हेट नर घेऊन कोण बसेल? हेट मादीला मात्र अजून मागणी, कारण मादी वाढवायला वर्षं लागतात आणि ती वर्षं कुणाला तरी विकत घ्यायची असतात. माझी उरलेली तीन पिल्लं हेटच, त्यांत दोन नर निघाले. जय हो.

पुण्याहून भाव विचारणारे मेसेज आलेत. इथले आकडे तिकडे लावू नका. ही जात साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि भारतात सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आधी कागद, मग साप.

पहिली कात आठवड्याभरात पडेल, मग उंदराची छोटी पिल्लं देऊन बघेन. तीनदा जेवल्याशिवाय एकही विकायला काढत नाही. हेट मादी ठेवतोय. धाकटीही ठेवतोय, सात नंबरच्या डब्यात. तिला विकून येणारे ४० डॉलर सोडणं मला काही जड नाही.