सीलबंद यादी उघडली त्या दिवशी

त्वचारोगातल्या एमडीच्या थिसिसचा माझा विषय ऐकला की दुसऱ्या विभागांतले मित्र विचारायचे, "लहान मुलांची एमएमआर लस तुम्ही चामखिळात कशाला टोचता?" प्रश्न रास्त होता. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांचा चामखिळाशी काही संबंध नाही. चामखीळ होतो एचपीव्ही विषाणूमुळे, आणि हा विषाणू महा लबाड. कातडीच्या वरच्याच थरात राहतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडून गोंधळ घालत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ताच लागत नाही. लसीतले विषाणू मात्र बहुतेकांच्या शरीराच्या ओळखीचे असतात. ते थेट चामखिळात सोडले की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी धावून येतात, इंटरफेरॉन-गॅमासारखी रसायनं सुटतात आणि त्या धरपकडीत एचपीव्हीही सापडतो, असा यामागचा तर्क. गंमत म्हणजे सुई एकाच मोठ्या चामखिळात घालायची आणि जमलं तर दुसऱ्या हातावरचे, तळपायाचेही जातात. जाळून किंवा गोठवून सहसा हे होत नाही. तिथे जेवढं जाळाल तेवढंच जातं, आणि तेही अनेकदा पुन्हा उगवतं.

लसीचा हा वापर ऑफ-लेबल आहे, म्हणजे ती चामखिळासाठी मंजूर झालेली नाही. शिवाय लसीतले विषाणू जिवंत, म्हणून गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती दबलेले पेशंट आम्ही आधीच वगळले होते.

पण या संशोधनातली खरी अडचण म्हणजे खुद्द चामखीळ. तो आपणहून जातो. लहान मुलांत साधारण दोन तृतीयांश चामखीळ दोन वर्षांत काहीही न करता नाहीसे होतात. मोठ्यांत वेळ जास्त लागतो, पण बरेचदा जातात. मग श्रेय कोणाला? त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल त्याला! चामखिळावर इतके हमखास उपाय कसे सांगितले जातात याचं उत्तर इथेच आहे. म्हणून आम्ही निम्म्या पेशंटना लस आणि निम्म्यांना सलाइन द्यायचं ठरवलं, आणि कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक, ना मला. लस पाण्यात कालवली की तिला किंचित पिवळसर झाक येते, सलाइन मात्र नितळ. त्यामुळे सिस्टर शेजारच्या खोलीत सिरिंज भरून तिला अपारदर्शक टेप गुंडाळून आणायच्या. सुई घट्ट बसणारी सिरिंज लागायची, कारण जाड चामखीळ औषध आत घेत नाही. दाब वाढला की साधी सुई उडते आणि औषध डॉक्टरच्या चष्म्यावर.

या पेशंटांत एक काका होते. नखांच्या कडेने आणि दोन्ही अंगठ्यांवर चामखीळ, इतके की ऑफिसातलं हजेरीचं यंत्र त्यांचा ठसा ओळखेना. सॅलिसिलिक ॲसिड झालं, द्रवरूप नायट्रोजन झाला, कॉटरी, म्हणजे विजेने जाळणं, तेही झालं. गोठवलेल्या एका जागेभोवती तर चामखिळांचं नवं रिंगण उठलं होतं. नखाशेजारी सुई घालणं म्हणजे शिक्षाच. काका डोळे मिटून "चालू द्या" म्हणायचे, आणि मीच दात आवळायचे.

तिसऱ्या इंजेक्शनच्या सुमारास अंगठ्यावरचा चामखीळ सपाट व्हायला लागला. मग शेजारचे. मग सुई न लागलेल्या दुसऱ्या हातावरचेही. शेवटच्या तपासणीला कातडीवरच्या रेषा सलग उमटल्या होत्या. चामखीळ खरंच गेल्याची हीच खूण, कारण तो असेपर्यंत त्या रेषा त्याला वळसा घालून जातात. आमच्या शाखेत आधीच्या-नंतरच्या फोटोंना फार भाव. काकांचे फोटो विभागाच्या बैठकीत पडद्यावर आले तेव्हा कोणीच 'बहुधा लस' म्हटलं नाही, 'लसच' म्हणाले. मीही मनात परिषदेसाठीचं पोस्टर मांडून टाकलं होतं.

शेवटच्या पेशंटचा पाठपुरावा संपला आणि गाइड सरांनी कोणाला काय दिलं याची सीलबंद यादी उघडली. काकांच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: सलाइन.

सिस्टरांनी वही पुन्हा तपासली. चूक नव्हती. उलटही निघालं: तळपायाच्या चामखिळाने हैराण झालेली एक मुलगी, जिच्यावर कशाचाच परिणाम झाला नव्हता, ती लसीच्या गटातली होती. एक सहकारी हळूच म्हणाला, "फोटो इतके छान आहेत, नुसते 'उपचारानंतर' म्हणून टाकायचे." सरांनी पोस्टरच्या फाइलमधून ते स्वतः काढले आणि सलाइनच्या तक्त्यात लावले. "तिथे जास्त शोभतात," एवढंच म्हणाले. मग तासभर वाद: काकांचे चामखीळ आपणहून जायच्या बेतात होते, की सुईच्या टोचण्यानेच विषाणूचा थोडा अंश आत ढकलला गेला आणि शरीर जागं झालं? मला दुसरी शक्यता आवडते, पण एका माणसावरून ते सांगता येत नाही.

सलाइन मिळालेल्या ज्यांना गुण आला नव्हता त्यांना लस द्यायची असं आधीच ठरलं होतं. त्यांना फोन सुरू झाले. काकांना द्यायला काही नव्हतं, फक्त सांगायचं होतं.

"म्हणजे मला मिठाचं पाणी टोचलंत?"

"हो काका. तसं होऊ शकतं, हे संमतिपत्रात होतं."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही अंगठे निरखले. "मग माझ्या पुतणीलाही तेच पाणी द्या. पण तुमच्याच हातचं."

पुतणी नऊ वर्षांची, बोटावर दोनच चामखीळ, दुखत नाहीत. तिला काहीही न टोचता थांबून पाहू, असं म्हटल्यावर मात्र काका खरोखर नाराज झाले.

"थांबायचं कशाला? निदान पाणी तरी!"